बाळाचे पहिले वर्ष : संस्कार, शास्त्र आणि इतिहास

गोमंतकात माशेल गावी देवकीकृष्णाचे देऊळ आहे. हे दैवत मूळचे चोडण बेटावरचे. पोर्तुगीज अमदानीत देवळांवर संकट कोसळले तेव्हा भक्तजनांनी ते प्रथम मये येथे व तेथून माशेलास आणून स्थापिले. यशोदेच्या अंगाखांद्यावर खेळणारा कृष्ण आपणांस देशभर भेटतो. पण या गाभाऱ्यात उभी आहे ती देवकी, आणि बालकृष्ण आहे तिच्या पुढ्यात. भागवताची कथा जाणणाऱ्याला हे दर्शन घेताना क्षणभर थबकावे लागते. कारण कथेप्रमाणे हे सुख देवकीला लाभलेच नाही. मूल जन्मले त्याच रात्री वसुदेव त्याला घेऊन यमुनेपार गेला. बाळाचे पहिले हसू, पहिले पालथे पडणे, पहिले रांगणे, पहिले पाऊल, हे सारे यशोदेने पाहिले. जन्मदात्रीच्या वाट्याला कारागृहाच्या भिंती आल्या. कथेत जे हिरावले गेले ते भक्तांनी मूर्तीत देवकीला परत दिले, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

बाळाचे पहिले वर्ष हिरावले जाणे म्हणजे काय, हे आपल्या पणज्यांना पुराण न ऐकताही ठाऊक होते. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. या दोन आकड्यांमध्ये जो इतिहास दडला आहे तो लढाया आणि तहनामे यांच्या बखरींत सापडावयाचा नाही. तो माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत, सहाणेवर आणि पाळण्याशेजारी घडला. त्याचे काही धागे वाचकांपुढे मांडावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम या वर्षाचे स्वरूप पाहू. पूर्ण दिवसांचे निरोगी मूल जन्मतः सुमारे तीन किलो वजनाचे असते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते व आठ-दहा दिवसांत भरून येते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. लांबी सुमारे ५० सेंटिमीटरांवरून ७५ सेंटिमीटरांवर जाते. पुढच्या आयुष्यात मनुष्य कोणत्याही एका वर्षात असा वाढत नाही. शरीराबरोबर मनही उमलते. दीड-दोन महिन्यांत बाळ आईचे मुख पाहून हसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते. पाचव्याच्या आसपास पालथे पडते. सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान आधारावाचून बसते. पुढे ते रांगते, चिमटीत दाणा उचलते, परके माणूस दिसताच आईच्या पदराआड तोंड लपविते, आणि वर्षाच्या सुमारास एखादा सार्थ शब्द उच्चारून पहिले पाऊल टाकते.

हा क्रम आपल्या पूर्वजांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. भागवताच्या दशम स्कंधातील शकटभंजनाची कथा आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली असेल. परंतु तो प्रसंग कोणत्या समारंभात घडला, याकडे फारसे लक्ष जात नाही. कृष्ण प्रथमच कुशीवर वळला म्हणून नंदाच्या घरी उत्सव चालला होता. त्याला भागवतात औत्थानिक असे नाव आहे. यशोदा आल्यागेल्यांच्या मानपानात गुंतली होती, गाड्याखाली निजविलेले बाळ भुकेने रडू लागले आणि पाय झाडताना त्याने गाडा उलथून दिला. गाडा उलथणे हा देवाचा चमत्कार; पण भुकेले मूल रडते आणि पाय झाडते, घर पाहुण्यांनी भरले की आईला त्याचे रडणे ऐकू येत नाही, हा प्रत्येक घरचा अनुभव आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, मुलाने केवळ कूस बदलली एवढ्या कारणाने गावाला जेवू घालणारा समाज येथे दिसतो. पुढे गर्गमुनींनी गोठ्यात गुपचूप केलेले नामकरण येते, मग दोघे भाऊ गुडघ्यांवर रांगू लागतात, मग उभे राहून चालू लागतात. कथाकाराने वाढीची पायरी चुकविलेली नाही.

हीच दृष्टी संस्कारांच्या मांडणीतही दिसते. गृह्यसूत्रांत व मनुस्मृतीत जन्मतःच जातकर्म, दहाव्या किंवा बाराव्या दिवशी नामकरण, चौथ्या महिन्यात निष्क्रमण आणि सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. चौथा महिना हा मान सावरण्याचा काळ; ज्या बाळाची मान सावरली त्याला उंबऱ्याबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडविणे सोयीचे. सहाव्या महिन्यात बाळ आधाराने बसू लागते, घास जिभेने बाहेर न ढकलता गिळू शकते, आणि केवळ आईच्या दुधावर त्याची वाढ पुरी होईनाशी होते. सूत्रकारांनी शरीरशास्त्राचे प्रयोग करून हे महिने ठरविले, असे म्हणणे ही अतिशयोक्ती होईल, आणि तसला पोकळ अभिमान आम्हांस नको आहे. परंतु पिढ्यान् पिढ्यांच्या पाहण्याने जे हाती आले ते त्यांनी विधीत गुंफले, एवढे निश्चित म्हणता येते. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिनेपर्यंत केवळ आईचे दूध व त्यानंतर पूरक अन्न द्यावे असा ठराव केला, तेव्हा आपल्या घरच्या उष्टावणाचा महिना जगाच्या महिन्याशी जुळला.

आयुर्वेदाने तर या वर्षाला स्वतंत्र नावच दिले. सुश्रुताने बालकांचे तीन वर्ग केले: वर्षापर्यंतचे ते क्षीरप, म्हणजे दूध पिणारे, दोन वर्षांपर्यंतचे क्षीरान्नाद, म्हणजे दूध व अन्न दोन्ही घेणारे, आणि त्यापुढचे अन्नाद. मुलाला झोपेतून एकाएकी उठवू नये, वर उडवून झेलू नये, पाठीला बळ येण्यापूर्वी बसवू नये, असे त्याने बजावले आहे. चरकाचे खेळण्यांविषयीचे विवेचन वाचून तर आजच्या मातापित्यांसही कौतुक वाटेल. खेळणी रंगीबेरंगी व आवाज करणारी असावीत, जड नसावीत, अणकुचीदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, आणि मुलाला भिववणारी तर मुळीच नसावीत. मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन भय दाखवू नये, असेही चरक स्पष्ट सांगतो. बागुलबोवा दारी बोलावून घास भरविणाऱ्या आमच्या पिढीने हे वाचले असते तर बरे झाले असते.

केवळ बालकांना वाहिलेला प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. कित्येक शतके तो विस्मृतीत गेला होता. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रही त्याचे खंडित हस्तलिखित होते. त्यावरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो प्रसिद्ध केला. त्यातील वेदनाध्याय हा आम्हांस सर्वांत हृद्य वाटतो. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखावे कसे, हा त्याचा विषय. डोके दुखत असेल तर बाळ डोके हलविते व डोळे मिटते. कान दुखत असेल तर हात पुनःपुन्हा कानाशी नेते. अशी एकेका व्यथेची खूण तेथे नोंदली आहे. सहाव्या महिन्यात प्रथम फळाचा रस व दहाव्या महिन्यात अन्न, असा काश्यपाचा क्रम इतरांहून निराळा आहे. म्हणजे प्राचीनांतही मतभेद होते, आणि ते लपविण्याची त्यांना गरज वाटली नाही.

एक मतभेद तर फार मोलाचा आहे. बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे धरून सुश्रुताने तोवर मध-तुपाची चाटणे सांगितली. चरकाने मात्र जातकर्मानंतर लगेच बाळाला स्तनास लावावे असे सांगितले. आपल्या समाजात पुष्कळ ठिकाणी पहिली रीत रूढ झाली, आणि पहिला पिवळसर चीक अपायकारक म्हणून पिळून टाकला जाऊ लागला. आज आपण जाणतो की, त्याच चिकात रोगापासून बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. मधाविषयीही नवे ज्ञान आले आहे. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात व तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजून अंग लुळे पाडणारा विकार होतो. हा बालविकार १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. म्हणून वर्ष पुरे होईतो बाळाला मध चाटवू नये, असे वैद्यक आज सांगते. चरक आणि सुश्रुत दोघेही आपलेच. परंतु चिकाच्या प्रश्नात न्याय चरकाच्या बाजूने लागला.

आता आपण या वर्षातील सर्वांत भयाच्या रात्रीकडे येऊ. आपल्याकडे पाचव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा होते, जवळ विळा किंवा कोयता ठेवतात. सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहून जाते म्हणून कोरा कागद व लेखणी मांडतात. गोमंतकात हीच सटी. त्या रात्री घर जागे राहते, दिवा विझू देत नाहीत. काश्यपसंहितेतही षष्ठीदेवीच्या पूजनाचा उल्लेख आहे, तेव्हा ही परंपरा फार जुनी होय. जन्मभर पाठ न सोडणाऱ्या दुर्दैवाला आपण 'पाचवीला पुजलेले' म्हणतो. त्या वाक्प्रचाराचे मूळ याच पूजेत आहे. पण पाचवी-सहावीच का? दुसरी किंवा विसावी रात्र एवढी भयाची का मानली गेली नाही?

याचे एक उत्तर आम्हांस संभवनीय वाटते. नवजात बालकाला होणारा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उद्भवतो, आणि त्यातही पहिल्या आठवड्याच्या अखेरीस विशेष. काल दूध पिणारे मूल आज तोंड उघडीनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते, आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. ज्या आईने हे पाहिले तिला ते कोणा अदृश्य शक्तीचे कृत्य वाटले, यात नवल काय? सुश्रुताने नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत रेवती आहे, पूतनाही आहे. भागवतातील पूतना आईचे रूप घेऊन, स्तनाला विष लावून येते. माहीत नसलेल्या शत्रूला माणसाने दिलेली ही नावे होत.

खरा शत्रू मातीत होता. १८८४ साली निकोलायर या जर्मन वैद्याने मातीतील जंतूपासून धनुर्वात होतो हे दाखविले, व १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने तो जंतू वेगळा काढला. माती, शेण, गंजका विळा यांवर त्याची बीजे असतात; न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली किंवा नाळेवर राख-शेण लावले की ती बाळाच्या अंगात शिरतात. जो विळा पाचवीला पुजला जाई त्याच्यासारख्याच विळ्याने कित्येक घरी नाळ कापली गेली असेल, या विचाराने मन विषण्ण होते. सुईणीचा, गोमंतकातल्या वयजिणीचा, यात दोष धरता येत नाही. रात्री-अपरात्री पावसापाण्यातून धावून येणारी तीच एक होती. तिला शत्रूचे नाव कोणी सांगितले नव्हते, एवढेच. पुढे गर्भवतीला धनुर्वाताची लस टोचणे आणि स्वच्छ पात्याने नाळ कापणे या दोन साध्या उपायांनी हे संकट हटत गेले. २०१५ साली भारत माता व नवजात यांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनाच्या पातळीस पोहोचल्याचे जाहीर झाले. सटवाईच्या लेखातील एक ओळ माणसाने खोडली, असेच म्हणावयाचे.

या सर्व कथेत एका मराठी स्त्रीचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचा मुलगा दहा दिवस जगला. बारशाचा दिवसही त्याने पाहिला नाही. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, या जाणिवेतून त्या मुलीने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला, १८८३ साली समुद्र ओलांडला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. परक्या देशात बसून त्या आपल्याच ग्रंथांकडे वळल्या, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते. घरच्या परंपरेचा त्यांना त्याग करावयाचा नव्हता; तिच्यात काय राखावे आणि काय बदलावे, हे त्या शोधीत होत्या. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, त्या पुण्यात निवर्तल्या. दहा दिवसांच्या एका बाळाच्या मरणातून त्यांचा सारा उद्योग जन्मला होता.

याच सुमारास युरोपात बाळाच्या पहिल्या वर्षाकडे वेगळ्या नजरेने पाहण्यास आरंभ झाला होता. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांना १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला. डार्विन त्याच्या हालचाली वहीत टिपू लागले: नवव्या दिवशी दृष्टी मेणबत्तीवर स्थिरावली, पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास खरे हसू उमटले, वर्षाचा होताच अन्नासाठी त्याने स्वतःचाच एक शब्द बनविला. ही टिपणे त्यांनी १८७७ साली एका त्रैमासिकात छापली. १८८२ मध्ये प्रायर या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या निरीक्षणावर ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या आर्नोल्ड गेसेल यांनी चलच्चित्रांच्या साहाय्याने बालकांच्या वाढीचे वेळापत्रक मांडले. परंतु त्यांनी पाहिलेली बालके मुख्यतः एकाच शहराच्या आसपासची व एका थरातली होती. तिच्यावरून साऱ्या जगाची बालके मोजणे न्यायाचे नव्हते.

ही उणीव जागतिक आरोग्य संघटनेने भरून काढली. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार बालकांची मापे घेण्यात आली. भारतातील केंद्र दिल्लीत होते. २००६ साली त्यावरून नवी मानके निघाली. त्यांचा निष्कर्ष असा की, आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता व निगा मिळाली तर कोणत्याही देशाचे मूल पहिली पाच वर्षे जवळपास सारखेच वाढते. आपली मुले जातीनेच लहानखुरी, हा समज त्यामुळे टिकत नाही. निरोगी मूल आधारावाचून बसते ते चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही, आणि एकटे चालते ते आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही, असेही त्यात आढळले. काही मुले तर हात-गुडघ्यांवर न रांगताच उभी राहिली. शेजारणीचे मूल चालू लागले आणि आपले अजून रांगतच आहे म्हणून जीव टांगणीला लावणाऱ्या आजींनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. मात्र दोन-तीन महिन्यांचे मूल नजर लावीत नसेल, आवाजाने दचकत नसेल, किंवा चार महिने उलटूनही मान धरीत नसेल तर, 'होईल हळूहळू' म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांस दाखवावे.

शास्त्र प्रयोगशाळेतून माजघरात कसे उतरते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची निगा शिकविली. त्या घरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देण्याची रीत आईला दाखवीत, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे त्या ३९ गावांतील नवजात बालकांचे मरण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून ही रीत देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत चालू झाली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे त्यांच्या भेटींचे दिवस ठरले. पाचवी, सहावी, बारावी मोजणाऱ्या आपल्या आजीला हे दिवस मोजणे मुळीच परके वाटले नसते. तिचीही जागरणे बाळावर नजर ठेवण्यासाठीच होती. तिच्या हाती काटा आणि लस मात्र नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, हे दोन्ही मोजणे एकत्र यावे. सटीच्या रात्री दिवा अवश्य लावावा, कागद-लेखणीही मांडावी; परंतु नाळेला काही लावू नये आणि बाळ दूध पिईनासे झाले तर पहाटेची वाट पाहू नये. बारसे थाटाने करावे. पण पाहुण्यांनी हात धुतल्याखेरीज बाळाला उचलू नये. उष्टावण सहा महिने पुरे होताच करावे आणि त्या दिवशीचा घास समारंभापुरता न राहता दुसऱ्या दिवसापासून मऊ भाताने, वरणाने, कुस्करलेल्या केळ्याने चालू राहावा. तोवर सहाणेवरच्या गुटीचे कौतुक मनातच ठेवावे. देवळात प्रथम दर्शनास नेताना लस टोचल्याचे कार्डही एकदा उघडून पाहावे. त्याने देव रागावत नाही.

माशेलच्या गाभाऱ्यापुढे आज एखादी आई आपल्या बाळाला घेऊन उभी राहते तेव्हा तिच्या पणजीपेक्षा तिचे भाग्य मोठे आहे. ते वर्ष आपल्या डोळ्यांनी पुरे पाहावयास मिळेल, असा भरवसा तिला पणजीहून कितीतरी अधिक आहे. तरीही २०२० सालची हजारात २८ ही काही लहान संख्या नव्हे. त्या प्रत्येक अंकाआड रिकाम्या हाताची एक देवकी आहे. ती संख्या आणखी खाली आणणे हे सरकारचे, वैद्यांचे आणि तितकेच आपल्या घराघरांचे काम होय.